विक्रमी वर्षानंतर जाळी रिकामी: पेरूच्या अँचोवेता माशाचं प्रकरण

हे प्रकरण कशाबद्दल आहे

१९७० साली पेरूने एकाच जातीच्या लहानशा माशाची सुमारे १ कोटी २३ लाख टन पकड नोंदवली. त्या वर्षी जगभरात जेवढी मासळी पकडली गेली, तिचा हा साधारण पाचवा हिस्सा. तीनच वर्षांनी, १९७३ साली, ही पकड २० लाख टनांच्याही खाली आली.

हा मासा ताटात जात नव्हता. जवळजवळ सगळा कारखान्यात जात होता. तिथे तो शिजवून, पिळून, वाळवून, दळून त्याचं फिशमील व्हायचं आणि युरोप, अमेरिका, जपानमधल्या कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात मिसळलं जायचं. कारखान्यासाठी होणाऱ्या मासेमारीचे आकडे देशोदेशी कसे चढतात आणि कसे कोसळतात, हे समजून घ्यायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

मंत्री, कारखानदार, शास्त्रज्ञ यांची नावं इथे मुद्दाम घेतलेली नाहीत. निर्णय कोणत्या खुर्चीतून झाले आणि त्या क्षणी समोर काय दिसत होतं, एवढंच या मांडणीला पुरतं.

पार्श्वभूमी

पेरूच्या किनाऱ्यालगत हम्बोल्ट प्रवाह वाहतो. वाऱ्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं आणि खालचं थंड, खनिजांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात आणि त्यांच्यावर अँचोवेता पोसला जातो. जगाच्या समुद्राच्या एक हजारांशाहून कमी क्षेत्रातून जगाच्या मासळीचा सुमारे दहावा भाग मिळतो, तो हा पट्टा. अँचोवेता आपल्या मांदेलीच्या कुळातला. बारा-पंधरा सेंटीमीटर लांबीचा, अल्पायुषी, पण दाट थव्यांनी राहणारा.

फार काळ या माशाचे मुख्य गिऱ्हाईक समुद्रपक्षी होते. त्यांची विष्ठा, म्हणजे ग्वानो, हे एकोणिसाव्या शतकात पेरूचं सोनं होतं. विसाव्या शतकात ग्वानोचा कारभार पाहणाऱ्या सरकारी कंपनीने फिशमीलच्या कारखान्यांना कडाडून विरोध केला. मासा गेला तर पक्षी जातील आणि पक्षी गेले तर खत जाईल, हा तिचा हिशेब चुकीचा नव्हता. १९६५ च्या एल निन्योनंतर, म्हणजे काही वर्षांच्या अंतराने किनाऱ्याचं थंड पाणी तापतं त्या घटनेनंतर, पक्ष्यांची संख्या ढासळली आणि पूर्वीच्या पातळीवर ती परत कधी आली नाही.

कारखान्यांच्या उभारणीला मात्र दुसरीकडच्या पडझडीने हात दिला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९३० च्या दशकात सहा-सात लाख टनांपर्यंत तारली पकडली जात असे, आणि तिचा मोठा भाग खत-फिशमीलसाठीच जात असे. १९४० च्या दशकाच्या शेवटी ती तारली संपत आली आणि तिथले कारखाने बंद पडू लागले. त्यांची जुनी यंत्रं जहाजांत भरून पेरूला आली. एका समुद्रात कामाविना उरलेली यंत्रसामग्री दुसऱ्या समुद्रात नव्याने कामाला लागली. नेमकी कोणत्या कारणाने ती रिकामी झाली, याचा विचार विकणाऱ्याने केला नाही आणि घेणाऱ्यानेही केला नाही.

याच सुमारास नायलॉनची जाळी आली. सुती जाळं कुजतं, वाळवावं लागतं. नायलॉनला तसलं काही नाही. जाळं ओढायला यंत्र आलं, थवे शोधायला ध्वनियंत्र आलं. चिंबोते नावाच्या गावात १९४० साली चार-पाच हजारांची वस्ती होती. १९७२ च्या जनगणनेत ती दीड लाखापुढे गेली. डोंगरातून माणसं उतरून आली, खाडीकाठी झोपड्या टाकून राहिली, बोटींवर आणि कारखान्यांत कामाला लागली. काही वर्षं हे जगातलं सगळ्यात मोठं मासळीबंदर होतं.

काम कसं चालायचं तेही पाहू. पर्ससीन जाळ्याने थवा वेढून मासा सरळ बोटीच्या पोटात ओतायचा. बर्फ नाही, निवड नाही, टोपल्या नाहीत. बंदराजवळ समुद्रातच नांगरलेल्या तराफ्यावर पंप असायचा. बोट त्याला लागली की जाड नळी मासळीत सोडायची. पाणी आणि मासा एकत्र खेचून पाण्याखालच्या पाइपातून थेट कारखान्यात जायचा. वाटेत स्वतःच्याच भाराखाली चेंगरलेल्या माशाचं रक्त आणि तेल पाण्यात उतरायचं, आणि ते लालसर पाणी परत खाडीत सोडलं जायचं. म्हणजे प्रथिनांचा बराच भाग पोत्यात न जाता खाडी सडवत होता. त्या काळी एक किलो फिशमीलला साडेपाच किलोच्या आसपास मासा लागायचा. आज चार-साडेचार किलोत भागतं.

अडचण नेमकी कुठे होती

खाण्यासाठीच्या मासेमारीला एक आपोआप लगाम असतो. बंदरात एकाच दिवशी बांगडा फार आला की भाव पडतो, बर्फ कमी पडतो, व्यापारी हात आखडता घेतो आणि दुसऱ्या दिवशी काही बोटी बाहेरच पडत नाहीत. लहान मासा, चेंगरलेला मासा, नको असलेला मासा यांना गिऱ्हाईक मिळत नाही. कारखान्याच्या मासेमारीत हा लगामच नसतो. मासा लहान असो वा मोठा, ताजा असो वा फुटलेला, वजन झालं की पैसे मिळतात. फिशमीलचा भाव स्थानिक बाजारात ठरत नाही. तो परदेशी खाद्यबाजारात, सोयाबीनच्या पेंडीशी तुलना करून ठरतो. एका बंदरात कितीही आणलं तरी भाव लगेच कोसळत नाही. आणि कारखाना एकदा कर्ज काढून उभा राहिला की त्याला रोज मासा लागतो, कारण व्याज रोज चढतं.

दुसरी अडचण माशाच्या स्वभावात होती. थव्याने राहणारा मासा कमी झाला तरी विरळ होत नाही. उरलेले पुन्हा दाट थवा करतात आणि फक्त थव्यांनी व्यापलेलं क्षेत्र आकसतं. बोटीवरच्या तांडेलाला थवा सापडला की जाळं नेहमीसारखंच भरतं. दर फेरीची पकड चांगली दिसत राहते, बंदरातला प्रत्येक जण समाधानी असतो, आणि खाली साठा संपत आलेला असतो. अशा माशाच्या बाबतीत आवकेचा आकडा तब्येतीचं लक्षण म्हणून वापरता येत नाही. सगळ्या प्रकरणाचा कणा हाच आहे असं मला वाटतं.

याची जाणीव त्या वेळी कोणालाच नव्हती, असं अजिबात नाही. १९६४ मध्ये पेरूची समुद्र संशोधन संस्था, इमार्पे, स्थापन झाली होती आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ तिच्यासोबत बसून साठ्याचा हिशेब करत होते. दरवर्षी साधारण ९५ लाख टनांपर्यंत मासा काढला तर तो टिकेल, असा त्यांचा अंदाज होता. १९६६ पासून कंपन्यांच्याच बोटी किनाऱ्याला छेद देणाऱ्या रेषांवर एकाच वेळी सोडून काही दिवसांत सगळा किनारा पालथा घालायची पाहणीची पद्धतही बसवली होती. त्या काळात इतकं चांगलं शास्त्र फार थोड्या देशांकडे होतं. आणि तज्ज्ञांनी आणखी एक गोष्ट लेखी सांगितली होती: बोटी आणि कारखाने गरजेपेक्षा फार जास्त झाले आहेत, हा ताफा वर्षाचा मासा वर्षभरापेक्षा कितीतरी कमी दिवसांत काढू शकतो.

पहिला निर्णय: १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध

सरकारपुढे तेव्हा ढोबळमानाने चार वाटा होत्या.

पहिली, नवीन बोटी आणि कारखान्यांचे परवाने थांबवायचे आणि जुने हळूहळू बाद करायचे. यात कारखानदार, त्यांना कर्ज देणाऱ्या बँका आणि बोटी बांधणाऱ्या गोद्या हे सगळेच दुखावणार होते. दुसरी, दर टनावर चांगला जड कर बसवायचा, म्हणजे कच्चे धंदे आपोआप बाहेर पडतील. तिसरी, प्रत्येक बोटीला तिचा ठराविक वाटा बांधून द्यायचा. कोणाला किती, या भांडणामुळे तिच्या वाटेला कोणी गेलं नाही. चौथी, सगळ्यांसाठी मिळून एक वार्षिक मर्यादा ठेवायची, काही महिने आणि आठवड्यातले काही दिवस मासेमारी बंद ठेवायची, आणि बाकी कोणाला अडवायचं नाही.

निवडली गेली चौथी. तिच्यात कोणाचंही नाव घेऊन नुकसान होत नव्हतं. पिल्लांच्या हंगामात बंदी आली, आठवडा पाच दिवसांचा झाला, मर्यादा पूर्ण झाली की हंगाम संपला असं जाहीर होऊ लागलं. कागदावर हे नियंत्रण चोख दिसतं.

प्रत्यक्षात या मर्यादेने शर्यत लावली. सगळ्यांच्या मिळून एका हिश्शातून जो आधी ओढेल त्याचं. मग आणखी मोठी बोट, आणखी ताकदीचं इंजिन, आणखी एक कारखाना. नाहीतर शेजारी तुमचा मासा घेऊन जाईल. बंदीचे दिवस वाढले तशी बोटींची ताकद वाढली, आणि ताकद वाढली म्हणून पुन्हा बंदीचे दिवस वाढवावे लागले. वर्षातले अनेक महिने यंत्रं आणि माणसं रिकामी बसून राहायची, त्यांचं कर्ज मात्र बसून राहत नसे. हंगाम उघडण्याचा दबाव दरवर्षी थोडा अधिक व्हायचा.

माझ्या मते पेरूचा अँचोवेता १९७२ साली हरला नाही. तो इथे हरला. तेव्हा मासा भरपूर होता, भाव चांगला होता, काही कारखाने बंद केले असते तरी देशाच्या तिजोरीला फारसं जाणवलं नसतं. निर्णय स्वस्त होता तेव्हा तो घेतला गेला नाही.

१९७०: विक्रमाचं वर्ष

या वर्षी स्वतंत्र मासेमारी मंत्रालय आलं. फिशमीलची निर्यात सरकारी संस्थेच्या हाती गेली. परकीय चलनातला चतुर्थांशाहून अधिक भाग फिशमील आणि माशाच्या तेलातून येत होता. त्याच वर्षी ३१ मे रोजी अंकाश प्रांतात प्रचंड भूकंप झाला. सुमारे ७० हजार माणसं गेली आणि चिंबोतेचंही अतोनात नुकसान झालं. अशा वर्षी इतके डॉलर आणणारा धंदा आवरता घ्या, असं म्हणणं किती अवघड असेल याची कल्पना करता येते.

टिकाऊ अंदाज ९५ लाख टनांचा, आणि नोंदलेली पकड १ कोटी २३ लाख टनांची. वाटेत फुटलेला, खाडीत वाहून गेलेला मासा नोंदीत नव्हताच, म्हणजे खरा उपसा याहूनही जास्त. १९७१ साली आकडा १ कोटी टनांच्या किंचित वर राहिला. घसरण सुरू झाली होती, पण आधीच्या वर्षाचा आकडा इतका मोठा होता की ही घट कोणाला घट वाटली नाही.

दुसरा निर्णय: मार्च १९७२

१९७२ च्या सुरुवातीला एल निन्यो आला. किनाऱ्याचं पाणी तापलं. थंड पाण्याचा मासा, उरलेलं थंड पाणी शोधत किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यात आणि दक्षिणेकडे जमा झाला. तिथल्या उन्हाळ्यातल्या बंदीनंतर मार्चमध्ये हंगाम उघडायची वेळ आली तेव्हा दोन खबरी एकाच वेळी येत होत्या. बोटवाले सांगत होते की मासा किनाऱ्याला चिकटून उभा आहे, जाळी फुटायच्या बेताला आली आहेत. मोजणी सांगत होती की मोठा मासाच तेवढा आहे. त्या वर्षी जी नवी पिल्लं दिसायला हवी होती, ती नेहमीच्या मानाने अगदीच थोडी आहेत.

इथे पर्याय तीनच होते. हंगाम उघडायचाच नाही आणि गाबोळी धरणारा मासा जपायचा. थोडा कोटा देऊन दर आठवड्याला पाहणी करायची. किंवा नेहमीसारखा हंगाम उघडायचा.

हंगाम उघडला. मार्चची पकड भरघोस झाली, आणि त्या भरघोस आकड्याने मोजणी चुकली असेल असं म्हणणाऱ्यांना बळ दिलं. जो मासा पळून एका कोपऱ्यात जमला होता, तोच उरलेला साठा होता. पुढच्या महिन्यांत पकड झपाट्याने उतरली आणि वर्षाच्या मध्याला हंगाम थांबवावा लागला. वर्षाचा आकडा सुमारे ४४ लाख टनांवर आला.

या निर्णयाला दोष देणं सोपं आहे, पण तेव्हाच्या खुर्चीतून पाहिलं तर पहिला पर्याय उरलाच नव्हता. हजारो खलाशी, कारखान्यातले कामगार, थकलेली कर्जं, परदेशी गिऱ्हाइकांना आधीच विकलेला माल. हंगाम बंद ठेवून हे सगळं सहा महिने पोसायला कोणताही निधी बाजूला काढलेला नव्हता. शास्त्रज्ञाच्या हाती शंका होती आणि बोटवाल्याच्या हाती भरलेलं जाळं होतं. असं झालं की जाळं जिंकतं.

त्यानंतर काय केलं गेलं

७ मे १९७३ रोजी सरकारने सगळ्या कारखान्यांचं आणि बोटींचं राष्ट्रीयीकरण करून पेस्का पेरू ही एकच सरकारी कंपनी बनवली. तत्त्वतः यातून पहिल्या चुकीची दुरुस्ती झाली असती, कारण आता मालक एकच होता आणि तो बोटी व कारखाने कमी करू शकत होता. काही प्रमाणात ते झालंही. पण सरकारी कंपनीच्या गळ्यात कर्ज आणि कामगार दोन्ही आले आणि मासा नव्हता. १९७६ मध्ये बोटी पुन्हा खाजगी हातांत दिल्या गेल्या. त्याच वर्षी साठा थोडा सावरतो आहे असं दिसताच पुन्हा जोरात उपसा झाला आणि १९७७ साली तो परत कोसळला.

या सगळ्याचे हादरे दूरवर पोचले. फिशमीलच्या टंचाईने सोयाबीनचा भाव भडकला. २७ जून १९७३ रोजी अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. बंदी थोडेच महिने टिकली, पण सोयाबीनसाठी अमेरिकेवर विसंबलेल्या जपानने धसका घेतला आणि दुसरीकडे पुरवठा शोधायला सुरुवात केली. ब्राझीलमधल्या सोयाबीनच्या विस्ताराला त्यातून चालना मिळाली. तो सोयाबीन आज जगभरच्या कोंबड्या खातात. एका थव्याच्या माशाने दुसऱ्या देशातली शेती बदलली.

परिणाम

१९८२-८३ च्या एल निन्योनंतर तर अँचोवेता नावापुरता उरला. त्याच्या जागी काही वर्षं तारली आली आणि कारखाने तिच्यावर चालले. जवळपास वीस वर्षांनी, १९९० च्या दशकात, अँचोवेता मोठ्या प्रमाणावर परत आला; १९९४ साली पेरू आणि चिले यांची मिळून पकड पुन्हा १ कोटी २० लाख टनांवर गेली. १९९७-९८ मध्ये आणखी एक जबरदस्त एल निन्यो आला आणि पकड पुन्हा गडगडली. यावेळी मात्र मासेमारी वेळेवर आवरली गेली आणि दोनच वर्षांत साठा उभा राहिला. १९७२ आणि १९९८ शेजारी ठेवून पाहिलं की कळतं: एल निन्यो दोन्ही वेळा आला, पण पहिल्या वेळी सावरायला वीस वर्षं लागली आणि दुसऱ्या वेळी दोन. फरक समुद्रात नव्हता, बंदरात होता.

जी वाट १९६० च्या दशकात कोणी धरली नाही, ती पेरूने अखेर २००९ मध्ये धरली: प्रत्येक बोटीला स्वतःचा बांधील वाटा. त्याआधी शर्यत इतकी टोकाला गेली होती की वर्षाचा सगळा मासा पन्नासेक दिवसांत काढला जात असे. वाटे ठरल्यावर हंगाम कित्येक पटींनी लांबला, मासा ताजा पोचू लागला, फिशमीलचा दर्जा सुधारला. अनेक बोटी बांधून ठेवल्या गेल्या. त्यांच्यावरच्या खलाशांची कामंही गेली, आणि वाटे मोजक्या बड्या कंपन्यांकडे एकवटले. ही किंमत खरी आहे आणि ती गरिबांनीच मोजली.

२०२३ मध्ये तीच परीक्षा पुन्हा आली. पाणी तापलं. जूनच्या सुरुवातीला थोड्या बोटी चाचणीपुरत्या सोडल्या गेल्या, तेव्हा जाळ्यात बहुसंख्य पिल्लं आली. पेरूत बारा सेंटीमीटरखालचा मासा दहा टक्क्यांहून जास्त चालत नाही. सरकारने उत्तर-मध्य पट्ट्यातला वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. देशाच्या उत्पन्नाला मोठा फटका बसला, माशाच्या तेलाचे भाव विक्रमी झाले, नॉर्वेतल्या सॅमन माशांच्या खाद्यापर्यंत ती झळ पोचली. पण २०२४ च्या पहिल्या हंगामाला सुमारे २४ लाख ७५ हजार टनांचा कोटा मिळाला आणि तो जवळजवळ पूर्ण पकडला गेला. मार्च १९७२ ला जो पर्याय हाताशी नव्हता, तो २०२३ ला होता, कारण मधल्या काळात बोटी कमी केल्या होत्या.

एक गोष्ट मात्र अजून तशीच आहे, आणि ती मला छळते. पेरूत तीन वर्षांखालच्या बालकांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास मुलं रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. लोहाने भरलेला हा मासा त्यांच्याच किनाऱ्यावर निघतो, आणि माणसाच्या खाण्यात त्याचा अगदी थोडा भाग जातो.

इतर देशांत हीच रेघ

नॉर्वेजवळच्या हेरिंगची (तारलीच्या कुळातल्या माशाची) पकड १९६६ च्या सुमारास २० लाख टनांच्या आसपास गेली आणि दशक संपेपर्यंत साठा जवळपास नष्ट झाला. सावरायला दोन दशकं लागली. नामिबियाच्या किनाऱ्यावरची तारली १९६८ साली १४ लाख टनांच्या आसपास होती. ती कधीच परत आली नाही, आणि २०१८ मध्ये तिथे तारलीची मासेमारी पूर्ण बंद करावी लागली. तिन्ही ठिकाणी चढण, शिखर आणि कडा यांचा क्रम सारखाच आहे. आणि तिन्ही ठिकाणी शिखराच्या वर्षी सगळे खुशीत होते.

जगाचा एकूण आकडा बघितला तर १९९४ साली ३ कोटी टनांहून जास्त मासळी फिशमील-तेलासाठी जात होती. अलीकडे ती १ कोटी ६०-७० लाख टनांवर आहे. याचं सगळं श्रेय शहाणपणाला देता येणार नाही. काही साठे संपले, काही मासे खाण्यासाठी वळले. आणि आता फिशमीलचा सुमारे एक तृतीयांश भाग मासळी साफ करताना उरणारी डोकी, हाडं, आतडी यांपासून बनतो. ही बाजू खरोखर चांगली आहे. पण कारखान्यांची वाट नव्या किनाऱ्यांकडे वळली आहे: मॉरिटानिया, सेनेगल, गांबिया. तिथे फिशमीलला जाणारा मासा हा गरिबाच्या रोजच्या भाताबरोबरचा मासा आहे. पेरूत निदान हा प्रश्न इतका थेट नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

बोटींची आणि कारखान्यांची संख्या आधी ठरवायची आणि मग कोटा. उलट क्रमाने गेलं की कोटा फक्त शर्यतीची शिट्टी होतो.

चांगल्या वर्षांत दर टनामागे थोडा पैसा बाजूला ठेवायचा, फक्त बंद हंगामात खलाशांना आणि कामगारांना देण्यासाठी. १९७० साली असा निधी सुरू झाला असता तर १९७२ ला मंत्र्याला नाही म्हणण्याची मुभा मिळाली असती. माझ्या दृष्टीने हाच सगळ्यात मोठा राहून गेलेला उपाय आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

हंगाम उघडण्याचा निर्णय पकडीच्या वजनावर सोपवायचा नाही. पिल्लं किती, थवे किती क्षेत्रात पसरले आहेत, पाणी किती तापलं आहे, या तीन गोष्टींवर आधीच ठरलेला नियम असावा. त्यापैकी दोन लाल झाल्या की हंगाम बंद, चर्चा नंतर. १९७२ ला ही माहिती होती, फक्त तिला नियमाचं बळ नव्हतं.

आपल्या किनाऱ्यासाठी

आपल्याकडे फिशमीलसाठी वेगळी मासेमारी होत नाही, असं म्हणून हे प्रकरण बाजूला ठेवता येणार नाही. ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी बारीक मासळी, पर्ससीनला एकदम लागलेली तारली, बर्फाअभावी खराब झालेला माल हे सगळं फिशमीलच्या गाडीत जातं. गाडी बंदरात उभी असते म्हणून पिल्लंही पैसे देतात, आणि पिल्लं पैसे देतात म्हणून बारीक आसाचं, म्हणजे लहान छिद्रांचं, जाळं सुटत नाही. केरळात २०१२ साली तारलीची आवक चार लाख टनांच्या आसपास होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. समुद्राच्या तापमानाचा त्यात मोठा वाटा आहे. पण कमकुवत झालेल्या साठ्याला तोच फटका जास्त लागतो, हे पेरूने दाखवलं आहे.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, ही योग्य सुरुवात आहे. मात्र नियम बोटीवर तपासला जातो आणि पैसा कारखान्याच्या दारात मिळतो. तपासणी तिथे हवी: प्रत्येक कारखान्याची रोजची क्षमता, त्यात आलेल्या मासळीचं वजन, तिच्यातल्या पिल्लांचं प्रमाण आणि ती कोणत्या बंदरातून आली, हे दर महिन्याला जाहीर व्हायला हवं. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या मच्छीमार सोसायटीला हे आकडे मागता आले पाहिजेत, आणि नवीन कारखान्याच्या परवान्याआधी ते तिच्यासमोर ठेवले गेले पाहिजेत.